डाव्या भिंतीवरचा टीव्ही

रामटेके दीदींच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, पण टेप असायचा. शिंप्याकडे असतो तसा, पिवळा, टोकाला पत्र्याची पट्टी असलेला. रायपूरच्या त्या सरकारी कार्यालयात मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो काढून माझ्या टेबलाची उंची मोजली, मग मला बसवून खुर्चीची मोजली आणि म्हणाल्या, "खुर्ची बदलून घे. सहा महिन्यांत खांदा धरते." मी म्हटलं, चालेल दीदी, नवीनच आहे, कोणाला काय म्हणू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठले आणि स्वतःच ती खुर्ची उचलून स्टोअरमध्ये नेऊन ठेवली.

त्या आमच्या रेकॉर्ड शाखेच्या मुख्य बाबू होत्या. साहेबांपासून चपराशापर्यंत सगळे त्यांना दीदीच म्हणत. माहेर गोंदियाकडचं, वडील रेल्वेत, नवराही रेल्वेत, आणि लग्नानंतरची तीस वर्षं रायपुरात गेलेली. आमच्याशी नागपुरी मराठी, साहेबांशी हिंदी आणि खेड्यातून कागद घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांशी छत्तीसगढी बोलायच्या. कोणतीही भाषा चालू असली तरी 'हो'ला त्या 'हव'च म्हणत. घाई केलेली त्यांना खपायची नाही. "घाई त्याले, ज्याले पाहाचं नाही," असं म्हणून त्या समोरच्याचा कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेत. लोक वैतागत. मीही वैतागायची.

एकदा उन्हाळ्यात कार्यालयासाठी कूलर आले. माल उतरला की सही करायची, एवढंच काम होतं. दीदींनी तिन्ही कूलर पाणी भरून चालू करायला लावले आणि समोर स्टूल टाकून बसल्या. माल आणणारा उन्हात घाम पुसत उभा. पाऊण तासाने एका कूलरच्या तळातून पाण्याचा बारीक ओघळ निघून आमच्या कपाटाकडे जायला लागला. दीदी ओरडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या माणसाला त्यांनी गार पाणी प्यायला दिलं आणि मग म्हणाल्या, "ये वाला वापस ले जाओ भैया. हमारे कागज तैरना नहीं जानते."

बूढ़ापारा मोहल्ल्यात मला भाड्याची खोली हवी होती तेव्हाही त्या सोबत आल्या. मला खोली पाहताक्षणी आवडली. दीदी घरमालकिणीला म्हणाल्या, "आम्ही जरा बसतो इथं." आणि रिकाम्या खोलीत फरशीवर पदर सावरून बसल्या. बसल्या त्या तास-दीड तास. तेवढ्या वेळात नळाला पाणी कधी येतं ते कळलं. भिंतीपलीकडे पिठाची चक्की आहे हेही कळलं, कारण ती सुरू झाली तशी खोलीतली खिडकी थरथरायला लागली. दुसरी खोली त्यांनी त्यांच्याच घराच्या मागच्या गल्लीत शोधून दिली. तिथे मी लग्न होईपर्यंत राहिले, आणि त्यामुळेच पुढचं सगळं मला जवळून पाहावं लागलं.

त्यांच्या यजमानांना मी भाऊजी म्हणत असे. यशवंतराव रामटेके मालगाडीवर गार्ड होते. दीदी जितक्या मोजून-मापून, तितका हा माणूस सैल. जेवताना गोष्टी सांगायचे, ताटातलं निवायचं, दीदी चिडायच्या. निवृत्त झाल्यावर दुपारभर क्रिकेट पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी चार महिने पुरी केली. एका सकाळी दाढी करताना डाव्या हातातली वाटी गळून पडली, आणि वाटी पडली हेच त्यांना कळलं नाही. उजवा हात दाढी करतच राहिला. दीदींनी आवाज ऐकून धाव घेतली तेव्हा ते डावीकडे कलंडत होते.

दवाखान्यातून सोळा दिवसांनी घरी आणलं. डावा हात आणि डावा पाय गेला होता, पण बोलणं शाबूत होतं, ओळख शाबूत होती. दीदींनी लांब रजा टाकली. दवाखान्याचे सगळे कागद त्यांनी कार्यालयातल्या फायलीसारखे क्रमाने लावून ठेवले. समोरच्या खोलीत पलंग टाकला. भाऊजींच्या उजव्या हाताला गल्लीकडची खिडकी आणि कोपऱ्यात जुना टीव्ही, तो मागे मोठं पोट असलेला. डाव्या हाताला भिंत, तिच्यावर बुद्धाची तसबीर, आणि पलीकडे स्वयंपाकघराचं दार. दर रविवारी मी सह्यांचे कागद आणि कार्यालयातल्या बातम्या घेऊन जायची.

दोन गोष्टींवरून त्या घरात रोज कुरबूर चालायची. एक जेवण. भाऊजी अर्धं ताट तसंच टाकायचे. वरण-भात खायचे, भाजीला हात लावायचे नाहीत. कधी भाजी खायचे, भात तसाच. दीदींनी लाल माठाची भाजी करून पाहिली, वडे-भात केला, त्यांच्या आवडीचं झुणका-भाकर केलं. तरी ताटात अर्धं उरायचं. दीदी म्हणायच्या, "मी एवढं राबून राहिली आणि तुमचे नखरे सरत नाहीत." भाऊजी म्हणायचे, "अवं, जेवलो ना सगळं." हे खोटं बोलणं दीदींना फार लागायचं.

दुसरी गोष्ट टीव्ही. भाऊजींची तक्रार होती की टीव्ही बिघडला आहे. "स्कोअर काहून दाखवून नाही राहिले हे लोक?" ते विचारायचे. बातम्यांमध्ये दोघं समोरासमोर भांडत असले तर म्हणायचे, "हा एकटाच कोणाशी बोलते?" दीदींनी मेकॅनिक बोलावला. त्याने मागचं झाकण उघडून पाहिलं आणि सांगितलं की सेट ठीक आहे, पण म्हातारा झाला आहे, नवीन घ्या.

मुलगा निखिल पुण्याला. त्याने फोनवरून सांगितलं, "आई, मैं ऑनलाइन पचपन इंच का भेज देता हूँ, परसों तक आ जाएगा."

"न पाहता?" दीदी म्हणाल्या.

"रिव्ह्यू अच्छे हैं आई."

"लिहिणाऱ्याइचे बाबा आपल्या पलंगावर झोपून आहेत का?"

मग सुरू झाल्या आमच्या दुकानांच्या वाऱ्या. भाऊजींजवळ शेजारच्या काकूंना बसवून रविवारी आम्ही निघायचो. दीदींनी उशीपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजून आणलं होतं, नऊ फूट. दुकानात गेल्या की नऊ फूट मोजून तिथे उभ्या राहायच्या. पंचावन्न इंची टीव्ही त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. इतक्या जवळून डोळे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावतात आणि आजारी माणूस थकेल, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक पडद्यावर डोंगर, पोपट आणि रंगीत फुगे झळकत होते. "हे बंद करा," त्या विक्रेत्याला म्हणाल्या, "समाचार लगाओ. घर में कोई तोता नहीं देखता." बातम्या लावल्या की निम्मे टीव्ही साधेच दिसायला लागायचे.

तो विक्रेता चाळिशीचा, चष्मा लावणारा, शांत माणूस होता. त्याने आम्हाला कधी कंटाळा दाखवला नाही. तिसऱ्या रविवारी दीदींनी त्याच्या दुकानातल्या सोफ्यावर सरळ आडवं होऊन, उजव्या कुशीवर वळून टीव्ही पाहिला. बाकीची गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मी शरमेने फ्रिजच्या मागे गेले. दीदी पडल्या पडल्या म्हणाल्या, "वर्षा, इकडं ये. पाह्य, तिरपं पाहिलं की याच्यातला माणूस पांढरा पडते. आणि त्या दुसऱ्यातला पडत नाही." मी वाकून पाहिलं. खरंच तसं होतं. विक्रेता म्हणाला, "मैडम, बीस साल में किसी ने लेटकर नहीं देखा."

"देखने वाला लेटा है भैया," दीदी म्हणाल्या.

शेवटी एक त्रेचाळीस इंची, काचेसारखा चकचकीत टीव्ही त्यांनी जवळजवळ नक्की केला. पण पैसे देण्याआधी भाऊजींनी तो स्वतः पाहावा असं त्यांच्या मनात आलं. चार महिन्यांत ते माणसांत असे कुठे गेले नव्हते, फक्त दवाखान्यात. दीदींनी गाडी सांगितली, त्यांना इस्त्रीचा सदरा घातला, आणि आम्ही दोघींनी आणि ड्रायव्हरने मिळून त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून दुकानात नेलं.

भाऊजी खूश होते. विक्रेत्याला त्यांनी रेल्वेतली एक गोष्टही सांगून टाकली. दुकानाच्या लांब भिंतीवर नऊ टीव्ही ओळीने लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच सामना चालू होता. दीदींनी खुर्ची बरोबर मधोमध उभी केली.

"सांगा, कोणता चांगला वाटते?"

भाऊजींनी उजवीकडच्या टोकाचा दाखवला. आम्ही निवडलेला डावीकडून तिसरा होता. दीदी म्हणाल्या, "तो नाही, तिकडचे पाहा ना."

"पाहिले ना सगळे. चारात हाच बरा आहे."

"चार?"

"हव. चारच तर आहेत."

दीदी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "बोटानं मोजून दाखवा," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी उजव्या टोकापासून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. बोट मधल्या टीव्हीच्या अलीकडे येऊन थांबलं. तिथे भिंत संपली असावी असं ते थांबलं. दीदींनी खुर्ची थोडी डावीकडे फिरवली आणि पुन्हा मोजायला सांगितलं. या वेळी सात झाले. भाऊजी विक्रेत्याकडे पाहून हसले. "और कहाँ से ले आए भाई, इतनी जल्दी?"

विक्रेत्याने चष्मा काढून पुसला. दुकानात सामन्याचा गलका चालला होता, आणि दीदी भाऊजींच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. अगदी हाताच्या अंतरावर.

"मी कुठं आहे?"

"इथंच कुठंतरी असशील," असं म्हणत भाऊजींनी उजवीकडे मान वळवली आणि तिथे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "शालू कुठं गेली वं?" दीदींना ते शालू म्हणत.

टीव्ही त्या दिवशी घेतला नाही. गाडीत दीदी पुढे बसल्या होत्या. सदर बाजार मागे पडला. मग मागे न वळता हळूच म्हणाल्या, "चार महिने मी यायले ताटावरून बोलून राहिली, वर्षा."

घरी आल्यावर त्यांनी फाइल काढली आणि दवाखान्यातून सुटीच्या वेळी मिळालेला कागद माझ्या हातात दिला. "वाच. काय काय लिहिलं आहे सगळं वाच." मी वाचत गेले. औषधं, रक्तदाब, आणि मधे दोन इंग्रजी शब्द, लेफ्ट निग्लेक्ट. मला त्याचा नक्की अर्थ ठाऊक नव्हता. दीदींना मात्र तो ठाऊक आहे असं वाटलं होतं. "मी म्हटलं, डाव्या बाजूकडं दुर्लक्ष करू नका, असं सांगून राहिले असतील," त्या म्हणाल्या. "म्हणून दोन वेळा तेल लावून डावा हात चोळत होती मी. एक दिवस चुकवला नाही."

कागद त्यांनी पुन्हा फायलीत लावला, पण जागा चुकली, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत. मेंदूचं डाव्या बाजूचं भानच गेलं आहे. त्या बाजूला जग आहे हेच रोग्याला आठवत नाही, म्हणून तो ते शोधतही नाही. समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यातून व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम घरी यायला लागल्या. तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी खोली पाहिली, खिडकी पाहिली आणि म्हणाल्या, "नया टीवी इनके बाएँ लगाइए. ढूँढने दीजिए. जो आसान है वही देखते रहेंगे तो बायाँ कभी नहीं लौटेगा."

"लौटेगा?" दीदींनी विचारलं.

"गारंटी नहीं है. कोशिश है."

दीदी पुन्हा त्या दुकानात गेल्या, या वेळी एकट्या. डाव्या भिंतीच्या बरोबर समोर खिडकी होती, म्हणून चकचकीत काचेचा टीव्ही आता चालणार नव्हता. त्याच्यात सगळी गल्लीच दिसली असती. त्यांनी मंद पडद्याचा, उजेड न परतवणारा टीव्ही घेतला. दिसायला तो पहिल्याइतका सुंदर नव्हता. बुद्धाची तसबीर काढून त्यांनी उजव्या भिंतीवर लावली आणि तिच्या जागी टीव्ही. पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल चिकटपट्टी चिकटवली. नियम असा की लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मग सामना पाहायचा.

निखिल त्या आठवड्यात आला होता. खाली बसून वायर लावता लावता डावीकडेच का, असं त्याने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग हातातला पेचकस ठेवून म्हणाला, "आई, वो खुद बोल रहे हैं गारंटी नहीं. तो बाबाला आराम से देखने दो ना. राइट साइड में लगा दो."

"आराम करूनच अर्धे राहिले ते."

"तू समजत नाही आई. ये ऑफिस नहीं है."

दीदींनी पेचकस उचलून त्याच्या हातात दिला. टीव्ही डाव्या भिंतीवरच लागला.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. भाऊजींना टीव्हीचा आवाज ऐकू यायचा आणि टीव्ही दिसायचा नाही. ते उजवीकडे, खिडकीकडे, कोपऱ्याकडे शोधायचे. दीदी म्हणायच्या, "इकडं. अजून. अजून वळवा. लाल दिसली?" पाच-सात मिनिटांत ते घामाघूम व्हायचे. लाल पट्टी दिसली तरी मान पुन्हा आपोआप उजवीकडे जायची आणि अर्धा पडदा नाहीसा व्हायचा. कधी ते चिडायचे. "तीस वर्षं रेल्वेत लाल पाहिलं की गाडी थांबवली," ते म्हणायचे, "आणि हे बाई म्हणते लाल दिसली की चालवा." कधी रुसून डोळे मिटून घ्यायचे. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "शालू, मले कायची सजा देऊन राहिली तू?"

"मान वळवा," दीदी म्हणाल्या.

जेवणाचंही तसंच. दीदी आता रागवत नसत, पण ताट फिरवूनही देत नसत. भाऊजी स्वतः शोधेपर्यंत बसून राहायच्या. भात निवून जायचा.

एका रविवारी मोठा सामना होता. दीदी स्वयंपाकघरात होत्या. भाऊजींनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कुजबुजले, "पोरी, आजच्या दिवस मले जरा फिरव. एवढा सामना पाहू दे." मी उशा घेतल्या, त्यांच्या उजव्या कुशीला लावल्या आणि त्यांना डावीकडे वळवून बसवलं. पडदा समोर आला. त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. पाच मिनिटं आम्ही दोघांनी सामना पाहिला.

दीदी पोळीचं ताट घेऊन बाहेर आल्या. ताट ठेवलं, उशा काढल्या, भाऊजींना पूर्ववत बसवलं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला सोडायला दारापर्यंत आल्या तेव्हा दीदी म्हणाल्या, "तुले दया आली. मले येत नसन असं वाटते का तुले?"

मी चपला घालून निघाले. पुढचे पाच-सहा रविवार मी गेले नाही. कार्यालयात काम वाढलं आहे असा निरोप पाठवला. सह्यांचे कागद चपराशाच्या हाती धाडले. मागच्याच गल्लीत राहत असूनही मी त्या घरासमोरून जायचं टाळत होते.

एका दुपारी कार्यालयात फोन आला. दीदींचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. "वर्षा, आज यायनं स्कोअर वाचला. सगळा. कोणाचे किती गेले, किती षटकं राहिली, सगळं सांगतलं. आणि ताटातली भाजी आपल्या मनानं शोधून खाल्ली. कोशिंबीर राहिली, पण भाजी खाल्ली." मी म्हटलं, येते रविवारी. त्या म्हणाल्या, ये, तुझी आठवण काढतात.

रविवार यायच्या आधी, गुरुवारी, भाऊजींना दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यात तीनच दिवस मिळाले.

अंत्यविधीनंतर घरात माणसं बसली होती. भंतेजी येऊन गेले होते. निखिल भिंतीला टेकून बसला होता. तो बंद टीव्हीकडे पाहत होता. मग कोणालाही उद्देशून नाही असं मोठ्याने म्हणाला, "आखिरी तीन महीने बाबाला एक मॅच सुखानं पाहू नाही दिली." खोलीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. एक काकू म्हणाल्या, असं नको बोलू बेटा, आईनं त्यांच्या भल्यासाठीच केलं. दीदी चहाचे कप गोळा करत होत्या. त्या थांबल्या नाहीत. माझ्याजवळचा कप घ्यायला त्या वाकल्या तेव्हा हातातले सगळे कप मी त्यांच्याकडून काढून घेतले.

निखिल परत गेला. महिन्यातून एकदा फोन करायचा, असं दीदींनीच मला सांगितलं. त्या कार्यालयात रुजू झाल्या. पूर्वीसारख्याच पहिल्या ओळीपासून कागद वाचत. फरक एवढाच की एखादा कागद वाचून झाल्यावर आता त्या तो दुसऱ्या कोणाला तरी द्यायच्या आणि विचारायच्या, "तू काय समजली याच्यातून?" नवीन लागलेल्या मुली हसायच्या. मी हसत नसे.

सात-आठ महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. तोवर माझं लग्न ठरलं होतं आणि मी बदलीसाठी अर्ज केला होता. निरोप समारंभात शाल, श्रीफळ, भाषणं झाली. साहेब म्हणाले, दीदींसारखी कामाची नजर आम्ही पाहिली नाही. दीदींना दोन शब्द बोलायला सांगितलं तर त्या उठल्या, हात जोडले आणि बसल्या.

बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "चल, तळ्यावर बसू थोडं." बूढ़ा तलावाच्या कठड्यापाशी बाकावर आम्ही बसलो. ऊन उतरलं होतं. लोक फिरायला आले होते, कोणी फुटाणे विकत होतं. दीदींनी शालीची घडी मांडीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला.

"एक विचारतो, खरं सांगजो," त्या म्हणाल्या. नागपुरी बाई अगदी जवळच्या माणसाशी बोलते तशा बोलत होत्या. "मी चुकली का?"

मला माहीत होतं काय म्हणायचं असतं. गेले सात-आठ महिने सगळे तेच म्हणत होते. ते वाक्य तोंडापर्यंत आलं, पण त्यांनी 'खरं' म्हटलं होतं.

"मले तेव्हा तुमचा राग आला होता, दीदी," मी म्हटलं. "काम नव्हतं वाढलं. मी रागानं येत नव्हती."

त्यांनी मान हलवली. "मले माहीत होतं."

"मी यायले पाहिजे होतं."

"हव. पाहिजे होतं."

मग मी म्हटलं, "पण भाजी शोधली होती ना त्यायनं."

"एक दिवस," दीदी म्हणाल्या. "त्या एका दिवसासाठी मी तीन महिने घेतले त्यायचे. त्यायले माहीत असतं की तीनच आहेत, तर त्यायनं दिले असते का मले? हे विचारायचं राहून गेलं." त्यांनी नारळ शालीवर नीट ठेवला. "आता राग आहे का तुले?"

"नाही."

"मंग काय आहे?"

"माहीत नाही, दीदी."

"मलेही नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "बरं झालं तू गोड बोलली नाही."

मी म्हटलं, घरापर्यंत येते. नको म्हणाल्या. निखिलचा फोन यायचा आहे, आज निवृत्तीचा दिवस म्हणून करीन म्हणाला आहे, आणि तो आला तर मला एकटीनं बोलायचं आहे. रस्त्यावर एक ई-रिक्शा उभी होती. आतली जागा भरली होती, फक्त ड्रायव्हरच्या पाठीला लागून असलेल्या, मागे तोंड करून बसायच्या बाकावर एक जागा होती. दीदी तिथे बसल्या. शाल आणि नारळ पोटाशी धरलेला, दोन्ही बाजूंना कॉलेजच्या मुली. रिक्शा सुटली. त्यांचं तोंड माझ्याकडेच होतं, म्हणून मी हात वर केला. त्यांनी तो पाहिला नाही. त्या फोन कानाला लावायच्या तयारीत हातात धरून बसल्या होत्या आणि त्याच्या पडद्याकडे पाहत होत्या. समोरून आलेल्या स्कूटरवाल्यांनी रिक्शा वळणावर अडवली, ती क्षणभर थांबली, मग गर्दीतून वाट काढत वळली. वळेपर्यंत तरी फोन वाजलेला नव्हता.